‘अव्हॉइड’ आणि त्याचे पर्याय : कोशांतील समानार्थकतेची एक तपासणी

१

इंग्रजीतील ‘अव्हॉइड’ हे क्रियापद प्राथमिक वाचनपुस्तकातही सहज आढळावे इतके परिचयाचे आहे. मराठी विद्यार्थ्याला त्याचा अर्थ विचारला असता ‘टाळणे’ असे उत्तर तत्काळ मिळते, आणि ते चुकीचेही नसते. अडचण उद्भवते ती पुढच्या पायरीवर. ‘शन’, ‘एस्च्यू’, ‘इव्हेड’, ‘इल्यूड’, ‘डॉज’, ‘शर्क’ या क्रियापदांचा अर्थ विचारला, तरीही उत्तर ‘टाळणे’ असेच मिळते. फार तर ‘चुकविणे’ हा दुसरा प्रतिशब्द त्याला जोडला जातो. सात इंग्रजी क्रियापदे, आणि त्यांच्यासाठी दीड मराठी शब्द, अशी ही स्थिती आहे. या सातांत फरक कोणता, असे पुढे विचारल्यास ‘अर्थ एकच, अर्थच्छटा मात्र वेगळ्या’ असे सांगून प्रश्न मिटविण्यात येतो.

ही ‘अर्थच्छटा’ नावाची कल्पनाच येथे तपासून पाहावयाची आहे. छटा म्हटली की मूळ रंग एक असून त्याचा गडदपणा किंवा फिकेपणा तेवढा बदलतो, असे गृहीत धरले जाते. ‘अव्हॉइड’च्या पर्यायांविषयी हे गृहीतक टिकत नाही. हे शब्द एकाच कृतीची सौम्य-तीव्र नावे नाहीत. टाळणारा आणि जे टाळले जाते ते, या दोहोंमधील संबंध प्रत्येक शब्द वेगळा मानतो. टाळलेल्या गोष्टीचा टाळणाऱ्यावर काही हक्क होता काय, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दाच्या अर्थातच अंतर्भूत असते. हे उत्तर लक्षात न घेता केलेला अनुवाद निर्दोष माणसाला दोषी ठरवू शकतो आणि दोषी माणसाला निर्दोष. म्हणून हा केवळ शब्दकुतूहलाचा विषय नव्हे.

२

समानार्थक शब्दांची परीक्षा करण्याचे साधन भारतीय शास्त्रपरंपरेला अपरिचित नव्हते. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात शब्दालंकार आणि अर्थालंकार यांचा भेद ठरविताना जी कसोटी लावली, ती पर्यायशब्दाचीच होती. एक शब्द काढून त्याच्या जागी त्याचा पर्याय घातला असता अलंकार नष्ट होत असेल तर तो शब्दाश्रित. टिकत असेल तर तो अर्थाश्रित. शब्दाची ही परिवृत्ती सहन होणे किंवा न होणे हीच कसोटी विसाव्या शतकात स्टीफन उलमान यांनी अर्थविचारात निराळ्या मार्गाने मांडली. ज्ञानात्मक किंवा भावनात्मक अर्थात कोणताही बदल न होता जे शब्द सर्व संदर्भांत एकमेकांच्या जागी येऊ शकतील तेच खरे पर्याय, असे मानल्यास असे शब्द अत्यंत विरळ ठरतात. त्यापूर्वी १८९७ साली मिशेल ब्रेआल यांनी आपल्या अर्थविज्ञानविषयक ग्रंथात विभेदनाचा नियम सांगितला होता: एका अर्थाचे दोन शब्द भाषेत आले की भाषक त्यांना हळूहळू वेगवेगळी कामे वाटून देतात.

इंग्रजी कोशकारांचा व्यवहार मात्र या तत्त्वाला पुष्कळदा सोडून झालेला दिसतो. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात ‘अव्हॉइड’चा अर्थ ‘शन’ या शब्दाने दिला आहे; ‘शन’चा अर्थ ‘अव्हॉइड’ आणि ‘एस्च्यू’ या शब्दांनी; आणि ‘एस्च्यू’चा अर्थ पुन्हा ‘अव्हॉइड’ आणि ‘शन’ या शब्दांनी. वाचक ज्या दारातून आत शिरतो त्याच दारातून बाहेर पडतो. ‘एस्च्यू’ हा शब्द जवळजवळ प्रचारातून गेलेला आहे अशी पुस्तीही जॉन्सन यांनी तेथे जोडली होती. वस्तुतः तो शब्द गेला नाही. आजच्या लेखी इंग्रजीत तो सुस्थिर आहे. जर ‘एस्च्यू’ म्हणजे ‘अव्हॉइड’च असता, तर त्याच्या जगण्याला काही कारण उरले नसते. ज्या अर्थी तो जगला, त्या अर्थी त्याच्याकडे ‘अव्हॉइड’पाशी नसलेले काही काम होते, आणि ते काम कोशातील व्याख्येत नोंदले गेले नव्हते.

पुढे १७९४ साली हेस्टर लिंच पिओझी यांचा आणि १८१६ साली जॉर्ज क्रॅब यांचा पर्यायशब्दांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्रॅब यांनी ‘अव्हॉइड’, ‘एस्च्यू’, ‘शन’ आणि ‘इल्यूड’ यांचा एकत्र विचार करून पहिला शब्द सामान्यवाचक व उरलेले विशेषवाचक ठरविले. जॉन्सनच्या वर्तुळापेक्षा ही निश्चितच प्रगती होती. १८५२ साली पीटर मार्क रॉजेट यांच्या प्रसिद्ध शब्दसंग्रहाने आणखी वेगळी वाट धरली. त्यांनी शब्दांची व्याख्या करण्याचे सोडून देऊन कल्पनांच्या विरोधी जोड्या समोरासमोर मांडल्या. त्या मांडणीत ६२२ वा विभाग ‘पाठलाग’ हा असून ६२३ वा ‘अव्हॉइडन्स’ हा आहे. रॉजेट यांची योजना सूचक आहे खरी. पण टाळण्याचा विरोधी भाव पाठलाग हाच का मानावा? रस्त्यातील खड्डा कोणाचा पाठलाग करीत नाही आणि कोणी त्या खड्ड्याचाही पाठलाग करीत नाही; तरी तो टाळला जातो. मद्य न घेणारा मनुष्यही पाठलागाच्या उलट असे काही करीत असतो असे म्हणता येत नाही. रॉजेट यांनी चार संबंधांपैकी एक संबंध पाहिला आणि बाकीच्या तिहींना त्याच्याच खात्यात टाकले.

३

हे चार संबंध कोणते, हे पाहण्यापूर्वी मुख्य शब्दाचा इतिहास थोडक्यात लक्षात घेणे उपयुक्त ठरेल. ‘अव्हॉइड’ हा शब्द नॉर्मन-फ्रेंच मार्गाने मध्ययुगीन इंग्रजीत आला. त्याच्या पोटात ‘रिक्त’ या अर्थाचा ‘व्हॉइड’ हा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘रिकामे करणे’ असा होता. भांडे रिकामे करणे, जागा रिकामी करणे, जागा सोडून निघून जाणे, असा अर्थविस्तार पुढे होत गेला. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘येथून चालते व्हा’ अशा आज्ञेसाठी हे क्रियापद येते. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलात शौल राजाच्या भाल्यापासून निसटून दावीद त्याच्या समोरून दोनदा निघून गेला, त्या ठिकाणीही हेच क्रियापद वापरले आहे. एखादी जागा आपल्यापासून रिकामी ठेवणे, आणि म्हणून त्या जागेपासून दूर राहणे, या क्रमाने आजचा अर्थ सिद्ध झाला. फ्रेंच ‘एव्हिते’ या क्रियापदाशी असलेल्या ध्वनिसाम्यानेही या वळणाला हातभार लावला असावा, असे मत इंग्रजी कोशकारांनी मांडले आहे.

जुना अर्थ पूर्णपणे गेला मात्र नाही. कायद्याच्या इंग्रजीत करार ‘अव्हॉइड’ करणे म्हणजे झालेला करार रद्दबातल ठरविणे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील ‘व्हॉइडेबल’ करार, म्हणजे हिंदी विधिपरिभाषेत ज्याला ‘शून्यकरणीय’ म्हणतात तो, याच कुळातला. येथे ‘त्याने करार टाळला’ असे भाषांतर केले तर अर्थ उलटा होतो. टाळलेला करार कधी झालेलाच नसतो. ‘अव्हॉइड’ केलेला करार झालेला असतो आणि मागाहून शून्य ठरतो. पहिल्या पक्षी कोणतेही दायित्व उत्पन्न होत नाही. दुसऱ्या पक्षी मिळालेला लाभ परत करण्याचा प्रश्न उभा राहतो.

पर्यायशब्दांच्या व्युत्पत्तीही बोलक्या आहेत. ‘इव्हेड’च्या मुळाशी ‘बाहेर निघून जाणे’ ही लॅटिन कल्पना आहे. ‘इल्यूड’च्या मुळाशी खेळणे आहे, प्रतिपक्ष्याचा डाव हुकविणे ही त्यातील प्रतिमा होय. ‘एस्केप’ हा शब्द अंगरखा या अर्थाच्या शब्दापासून आला: पकडणाऱ्याच्या हाती वस्त्र ठेवून निसटणे. ‘रिफ्रेन’मध्ये लगाम आहे, ‘ॲव्हर्ट’मध्ये दुसरीकडे वळविणे आहे. ‘एस्च्यू’ हा फ्रेंचमधून आला असला तरी त्याचे मूळ जर्मानिक असून इंग्रजीतील ‘शाय’ आणि जर्मनमधील ‘शॉयन’ हे त्याचे सगोत्र आहेत. बुजणे, संकोचणे हा त्याचा मूळ भाव. ‘शन’ हा शुद्ध जुना इंग्रजी शब्द असून ‘डॉज’ सोळाव्या शतकापासून आढळतो. या दोहोंची मुळे निश्चित झालेली नाहीत. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे खरेच. तथापि यांतील कोणत्याही दोन शब्दांचा आरंभबिंदू एक नव्हता, एवढे त्यावरून स्पष्ट होते. ते एका अर्थाकडे चालत आले. एका अर्थातून फुटले नाहीत.

४

आता चार नामे घेऊन परिवृत्तीची कसोटी लावून पाहू: रस्त्यातील खड्डा, मागावर असलेले पोलीस, नेमून दिलेले काम, आणि मद्य.

खड्ड्याला ‘अव्हॉइड’ आणि ‘डॉज’ चालतात. ‘शर्क’, ‘एस्च्यू’ किंवा ‘इव्हेड’ चालत नाहीत. पोलिसांना ‘अव्हॉइड’, ‘इव्हेड’, ‘इल्यूड’, ‘डॉज’ चालतात. ‘शर्क’ आणि ‘एस्च्यू’ चालत नाहीत. कामाला ‘अव्हॉइड’, ‘शर्क’, ‘इव्हेड’ आणि ‘डॉज’ चालतात; ‘इल्यूड’ चालत नाही. मद्याला ‘अव्हॉइड’, ‘एस्च्यू’ आणि ‘शन’ चालतात. ‘इव्हेड’ आणि ‘शर्क’ चालत नाहीत. चारही ठिकाणी निरपवादपणे चालणारा शब्द एकच, आणि तो ‘अव्हॉइड’. क्रॅब यांचा सामान्य-विशेष विभाग येथवर बरोबर ठरतो. पण विशेष शब्द का व कोठे अडतात, याचे उत्तर त्या विभागातून मिळत नाही. ते टाळलेल्या वस्तूच्या स्थानावरून मिळते.

पहिल्या प्रकारात वस्तू केवळ वाटेत असते. तिला टाळणाऱ्याविषयी काही हेतू नसतो आणि तिचा त्याच्यावर हक्कही नसतो. याला मार्गसंबंध म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात वस्तू किंवा व्यक्ती टाळणाऱ्याच्या मागावर असते, हा पाठलागसंबंध. येथे पकडू पाहणाऱ्याची दृष्टीही शब्दात येते. म्हणूनच ‘इल्यूड’चा कर्ता निर्जीवही असू शकतो: आठवू पाहिलेले नाव ‘इल्यूड’ करते, म्हणजे स्मरणाच्या हाती लागत नाही. तिसऱ्या प्रकारात वस्तू देय असते. काम, कर्तव्य, कर, उत्तर, जबाबदारी यांचा टाळणाऱ्यावर हक्क असतो, हा ऋणसंबंध. चौथ्या प्रकारात वस्तूविषयी टाळणाऱ्याने आधीच काही निर्णय केलेला असतो. ती त्याने त्याज्य मानलेली असते. हा वर्ज्यसंबंध. ‘एस्च्यू’ येथे विचारपूर्वक त्यागाचा, तर ‘शन’ सततच्या व बहुधा तिटकाऱ्याच्या दुराव्याचा वाचक होतो.

‘शर्क’ हा शब्द केवळ तिसऱ्या घरातला आहे. म्हणून तो वापरणारा वक्ता दोन विधाने एकदम करतो: अमुक काम अमक्याने केले नाही, आणि ते करणे त्याचे कर्तव्य होते. दुसरे विधान उघडपणे केलेले नसते. ते गृहीत धरलेले असते, आणि म्हणूनच त्याला हरकत घेणे कठीण जाते. ‘अव्हॉइड’मध्ये हे गृहीतक नाही. दोघांतील हा भेद सौम्य आणि तीव्र असा नसून आरोप नसणे आणि आरोप असणे असा आहे.

याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या अलीकडच्या इतिहासात मिळते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीस सामोरे न गेलेल्या तरुणांना तेथील इंग्रजीत निरनिराळी नावे होती. कोणी त्यांना भरती ‘डॉज’ करणारे म्हणे, कोणी ‘इव्हेड’ करणारे, तर कोणी प्रतिकार करणारे. पहिले नाव हुशारीने अंग काढून घेतल्याचा उपहास करते. दुसरे कर्तव्यभंगाची नोंद करते. तिसरे कर्तव्याचे अस्तित्वच नाकारते. तरुण तोच, कृतीही तीच. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी क्षमादानाचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्याच्या शीर्षकात यांपैकी एकही शब्द न घेता भरतीविषयक कायद्याचे ‘उल्लंघन’ असा शब्द घालण्यात आला. शब्द निवडणे म्हणजे निवाडा करणे होय, हे शीर्षक रचणाऱ्यांना चांगले ठाऊक असले पाहिजे.

वर्ज्यसंबंधाची एक विशेष स्थितीही येथे नोंदली पाहिजे. मानवशास्त्रात ‘अव्हॉइडन्स’ ही पारिभाषिक संज्ञा आहे. एडवर्ड टायलर यांनी १८८९ साली जावई आणि सासू यांच्यातील रूढ दुराव्याचा विचार केला, आणि आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधील डिरबल भाषेत विशिष्ट आप्तांसमोर वापरावयाच्या स्वतंत्र शब्दसंपत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात पत्नीने पतीचे नाव एरवी न उच्चारता ठरावीक प्रसंगी उखाण्यात घेणे, ही रूढी याच जातीची. या ठिकाणी टाळणे हेच कर्तव्य असते. ऋणसंबंधात जे देय ते टाळले जाते. येथे टाळणेच देय ठरते. ‘नाव चुकविणे’ असे या रूढीला कोणी मराठी माणूस म्हणणार नाही, यावरून दोन मराठी क्रियापदांच्या कार्यक्षेत्राचीही कल्पना येते.

५

त्या कार्यक्षेत्रांकडे आता वळावयास हरकत नाही. मराठीत ‘टाळणे’ आणि ‘चुकविणे’ हे दोन शब्द असून कोशांत ते बहुधा स्वल्पविरामाने जोडलेले असतात. स्वल्पविराम ‘किंवा’ असे सुचवितो. प्रत्यक्षात त्यांचे काम वेगळे आहे.

‘टळणे’ या अकर्मक क्रियापदाचा संबंध धातुपाठातील ‘टल्’ या, विचलित होणे या अर्थाच्या धातूशी जोडता येतो. गुजरातीतील ‘टाळवुं’ आणि हिंदीतील ‘टालना’ ही त्याची भावंडे. ‘टाळणे’ म्हणजे वस्तूला जागेवरून हलविणे, बाजूस सारणे. ‘अटळ’ या शब्दात ‘न हलणारे’ आणि ‘न टाळता येणारे’ हे दोन्ही अर्थ अद्याप एकत्र नांदतात. ‘चुकणे’चे मूळ प्राकृतात सापडते: बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘भ्रंश’ धातूच्या आदेशांमध्ये ‘चुक्क’ हे रूप दिलेले आहे. लक्ष्यापासून ढळणे हा त्याचा भाव. ‘नेम चुकला’, ‘वाट चुकली’, ‘गाडी चुकली’ या सर्व प्रयोगांत तो आजही जिवंत आहे. ‘चुकविणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. म्हणून ‘वार चुकविणे’ म्हणजे वाराला त्याच्या लक्ष्यापासून ढळविणे.

यातून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ‘चुकविणे’ला आपल्यावर रोखलेली वस्तू लागते. वार, पाठलाग, नजर, पहारा, कर, हप्ता, काम या सर्वांचे लक्ष्य टाळणारा असतो. म्हणजे पाठलागसंबंध आणि ऋणसंबंध ही या शब्दाची स्वाभाविक क्षेत्रे होत. ‘टाळणे’ला असे रोखलेपण आवश्यक नसते, मार्गसंबंध आणि वर्ज्यसंबंध यांत तेच शोभते. ‘त्याने मला टाळले’ या वाक्यात भेट नको असणे आहे. ‘त्याने मला चुकविले’ या वाक्यात मी त्याच्या शोधात असणे आहे. ‘तेलकट पदार्थ टाळावेत’ हे वैद्य सांगतो. ‘तेलकट पदार्थ चुकवावेत’ असे तो सांगत नाही. ‘खड्डा चुकविला’ असे मात्र सर्रास म्हटले जाते, आणि हा वरील विभागाला अपवाद आहे, हे मान्य केले पाहिजे. ऐन वेळी चपळाईने केलेली हालचाल असेल तेथे वस्तू जणू अंगावर येत आहे असे कल्पून हा प्रयोग होत असावा. अशाच ठिकाणी इंग्रजीतही ‘डॉज’ येतो.

विभाग दोनच झाले तरी प्रतिशब्द दोनच आहेत असे नव्हे. पाठलागासाठी मराठीत हुलकावणी देणे, झुकांडी देणे, हातावर तुरी देणे आहे. ऋणासाठी अंग चोरणे, कामचुकारपणा करणे, चालढकल करणे, प्रश्नाला बगल देणे, उडवाउडवीची उत्तरे देणे आहे. वर्ज्यासाठी वर्ज्य करणे, चार हात दूर राहणे आणि समूहाची कृती असेल तर वाळीत टाकणे आहे. यांपैकी जवळजवळ एकही एकपदी क्रियापद नाही. इंग्रजी जेथे नवे धातू वापरते तेथे मराठी नाम आणि क्रियापद यांचा संयोग करते. कोशकार मात्र एका शब्दाला एक शब्द शोधत राहतो, आणि म्हणून हा सारा ऐवज बाजूला पडून ‘टाळणे, चुकविणे’ एवढेच शिल्लक राहते. १८४७ साली टॉमस कँडी यांनी पूर्णत्वास नेलेल्या इंग्रजी-मराठी कोशापासून या क्षेत्रात मोठे परिश्रम झालेले आहेत. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या परिश्रमांचे सार म्हणून वर्गात जी शब्दांची यादी पाठ केली जाते, तिच्यात संदर्भाला जागा उरलेली नसते.

व्याकरणाच्या अंगानेही दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, इंग्रजीत ‘अव्हॉइड’नंतर ‘इंग’ प्रत्ययान्त रूपच यावे लागते. ‘टू’सह येणारे रूप येत नाही. मराठीत ‘जाणे टाळले’, ‘जाण्याचे टाळले’, ‘जायचे टाळले’ हे तिन्ही प्रयोग शुद्ध असून ‘णे’ प्रत्यय इंग्रजीतील त्या दोन्ही रूपांचे काम करतो. मराठी विद्यार्थ्याची या ठिकाणची ठरावीक चूक अज्ञानातून येत नाही, मातृभाषेच्या रचनेतून येते. दुसरी गोष्ट निषेधाची. लौरी कार्टुनेन यांनी १९७१ साली ज्या क्रियापदांच्या अर्थात निषेध गर्भित असतो त्यांचा विचार केला, त्यांत ‘अव्हॉइड’ हे एक होय. जाणे टाळले म्हणजे गेला नाही. जाणे टाळले नाही म्हणजे गेला. मराठी ‘टाळणे’लाही हे लागू पडते. पण ‘टाळाटाळ’ला पडत नाही. ‘त्याने पैसे देण्यास टाळाटाळ केली, पण अखेर दिले’ हे वाक्य सुसंगत आहे. द्विरुक्तीने कृतीची सिद्धी काढून घेतली आणि केवळ प्रयत्न, तोही लांबणीचा, मागे ठेवला. हिंदी ‘टालना’त हा लांबणीवर टाकण्याचा अर्थ प्रमुख आहे, म्हणून हिंदीत ‘टाललेला’ निर्णय पुढे होणार असतो, तर मराठीत ‘टाळलेला’ निर्णय बहुधा होणार नसतो. हिंदीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याने हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

६

या सर्व विवेचनाची व्यावहारिक कसोटी करविषयक भाषेत लागते. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत ‘टॅक्स अव्हॉइडन्स’ आणि ‘टॅक्स इव्हेजन’ हा भेद मूलभूत मानलेला आहे. कायद्याच्या चौकटीत राहून कराचा भार कमी करणे हे पहिले. देय झालेला कर लपवून न देणे हे दुसरे. १९३५ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या प्रकरणात, आपले व्यवहार कर कमी बसेल अशा रीतीने मांडण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, असे तत्त्व मान्य केले. चार संबंधांच्या भाषेत सांगावयाचे तर, कर अद्याप वाटेत होता, ऋण झालेला नव्हता.

भारतात १९८५ साली मॅकडॉवेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या तत्त्वापासून दूर होण्याची वेळ आली आहे असे स्वतंत्र निकालपत्रात प्रतिपादन केले. पुढे १९६१ च्या आयकर कायद्यात ‘अव्हॉइडन्स’ला आळा घालणारे सर्वसाधारण नियम घालण्यात आले आणि ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. त्यांत ‘अननुज्ञेय अव्हॉइडन्स’ अशी संज्ञा योजलेली होती. ही संज्ञा पर्यायशब्दांच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. विशेषण लावावे लागले, याचा अर्थ विशेष्य स्वतः निर्दोषच राहिले. ‘इव्हेजन’ला ‘अननुज्ञेय’ असे विशेषण लावण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण ते त्याच्या अर्थातच आहे.

याहून बोलके उदाहरण आंतरराष्ट्रीय करारांच्या शीर्षकांचे आहे. भारताने इतर देशांशी केलेल्या अनेक करारांच्या नावांत दुहेरी करआकारणीचे ‘अव्हॉइडन्स’ आणि करविषयक ‘इव्हेजन’चा प्रतिबंध ही दोन्ही उद्दिष्टे एकाच ओळीत नमूद असतात. एक साधावयाचे आहे, दुसरे रोखावयाचे आहे. हे दोन शब्द जर केवळ छटांनी भिन्न असते, तर या शीर्षकांचा अर्थ ‘कर टाळण्यासाठी आणि कर टाळणे रोखण्यासाठी’ असा हास्यास्पद झाला असता.

मराठीने ‘इव्हेजन’साठी ‘करचुकवेगिरी’ हा शब्द घडविला, आणि तो अत्यंत समर्पक आहे. ‘चुकविणे’तील रोखलेपण ऋणसंबंध दाखविते, आणि ‘गिरी’ हा प्रत्यय निंदा दाखवितो. ‘अव्हॉइडन्स’साठी तितका रूढ शब्द नाही. परिणामी वार्ताहर किंवा अनुवादक घाईत असला की दोन्हींसाठी ‘करचुकवेगिरी’च लिहून जाण्याचा धोका राहतो, आणि तसे झाले की जो मनुष्य न्यायालयात निर्दोष आहे तो वृत्तपत्रात अपराधी होतो. उलट ‘इव्हेजन’ला केवळ ‘कर टाळणे’ म्हटले तर अपराध्याला काटकसरी गृहस्थाची वस्त्रे मिळतात. ‘कर टाळणे’ आणि ‘कर चुकविणे’ हा भेद मराठीच्या प्रकृतीतच असताना तो न वापरणे, हा भाषेचा तुटवडा नसून तिचा वापर करणाऱ्यांचा निष्काळजीपणा होय.

७

येथे एक आक्षेप संभवतो. सामान्य इंग्रजी भाषक हे सारे भेद पाळतो काय? पुष्कळदा पाळत नाही. बोलण्यात ‘अव्हॉइड’ सर्वत्र चालतो, आणि काम चुकविणाऱ्यालाही मित्र ‘अव्हॉइड’च म्हणतात. हे खरे आहे. पण त्याने प्रतिपादनाला बाध येत नाही. सामान्यवाचक शब्द वापरून विशेष आरोप न करण्याची मुभा भाषा देते, आणि पुष्कळदा ती सौजन्यासाठीच वापरली जाते. विशेष शब्द हाताशी असूनही तो न योजणे हीसुद्धा निवडच आहे. कोशाला जागा थोडी असते, हा दुसरा आक्षेपही रास्त आहे. परंतु चार प्रतिशब्द स्वल्पविरामांनी जोडण्यास जितकी जागा लागते तितक्याच जागेत प्रत्येक प्रतिशब्दाबरोबर त्याचे एक नमुन्याचे कर्म देता येते: खड्डा टाळणे, पाठलाग चुकविणे, कामात अंग चोरणे, मद्य वर्ज्य करणे.

पदव्युत्तर वर्गात पर्यायशब्दांचे अध्यापन करताना ‘या शब्दाची छटा कोणती’ या प्रश्नाऐवजी ‘या शब्दाबरोबर कोणते कर्म येत नाही’ आणि ‘त्या कर्माचा कर्त्यावर हक्क होता असे हा शब्द मानतो काय’ हे दोन प्रश्न विचारले जावेत. पहिल्याचे उत्तर कोणताही विद्यार्थी चार वाक्ये रचून तपासू शकतो. दुसऱ्याचे उत्तर त्याला कायदा, नीती आणि रूढी यांच्याकडे घेऊन जाते. ‘अव्हॉइड’सारख्या साध्या शब्दाच्या बाबतीत हे काम झाले म्हणजे इतर समूहांचे, उदाहरणार्थ ‘नकार देणे’ किंवा ‘कबूल करणे’ या अर्थांच्या शब्दांचे, परीक्षण त्याच रीतीने हाती घेता येईल. त्या दोन्ही समूहांतही एकाने दुसऱ्यावर सांगितलेला हक्क हाच कळीचा मुद्दा असण्याचा संभव आहे, आणि तो तपासून पाहण्याजोगा आहे.